आयर्विनचा आकडा

मिरज,
मे महिन्याची अखेर

चि. धाकटीस,


सांगलीच्या गावभागात घर मिळालं, बाळाची शाळा जवळ, भाडं परवडणारं, हे सगळं ऐकून बरं वाटलं. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "मावशी, आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत, पाणी आमच्यापर्यंत काय येतंय!" तेव्हापासून मनाला घोर लागला आहे. फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी ऐनवेळी आठवत नाही, म्हणून लिहिते. जावईबापूंनाही वाचायला दे. सासूबाईंना मात्र तू स्वतः वाचून दाखव, कारण यातलं निम्मं त्यांच्याबद्दलच आहे.

सांगलीत घर कोरडं राहिलं म्हणजे घरातली माणसं सुखरूप राहिली असं होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर मजल मारली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पातळीच्या वर पाणी आठवडाभर होतं. ज्यांच्या घरात एक थेंबही शिरला नाही अशी कितीतरी कुटुंबं त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर अडकून पडली होती. वीज गेलेली. नदीकाठची पाणी उपसायची यंत्रणाच पुरात सापडल्यामुळे नळ कोरडे. संडासाचं पाणी खाली जायच्या ऐवजी वर येतंय, मोबाइल बंद पडलाय, बाळाचं दूध संपलंय, रक्तदाबाच्या गोळ्यांची शेवटची पट्टी चाललीय. कोल्हापूरजवळ महामार्गावर पाणी आल्यानं बाहेरून येणारी भाजी आणि पेट्रोलही थांबलं होतं. आमच्या शाळेतल्या निवारा केंद्रात मुक्कामाला आलेल्या बायकांमध्ये अशा कितीतरी होत्या. त्यांच्या घराला पाणी लागलंच नव्हतं. चार-पाच दिवस वर कोंडून काढल्यावर त्यांना नावेतून उतरवून आणावं लागलं.

आणि नावेचं सांगते. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. नावेत झेपेल त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं बुडाली, बारापेक्षा जास्त जीव गेले. त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणूही नये. चहूबाजूंनी पाणी आल्यावर मिळेल त्या नावेत माणूस चढणारच. पण तो प्रसंग डोळ्यांपुढे ठेव आणि एक लक्षात घे: पुरात सगळ्यात धोक्याचा प्रवास उशिरा निघणाऱ्याच्या वाट्याला येतो. दोन दिवस आधी निघालेला त्याच वाटेनं रिक्षातून, छत्री धरून, मांडीवर डबा घेऊन जातो.

म्हणून माझं मागणं एकच आहे. जायचं की राहायचं हे पाणी बघून ठरवू नका. आज, रस्ते कोरडे असताना, आकडा ठरवून ठेवा आणि तो आकडा आला की निघा. त्यावर घरात पुन्हा चर्चा नको.

आकडा कसा ठरवायचा ते सांगते. आयर्विनजवळ ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ म्हणजे धोका, हे तुला पावसाळ्यात रोज कानावर येईल. पण हे शहराचे आकडे झाले. तुझ्या गल्लीचा आकडा वेगळा आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांत पाणी फार लवकर येतं, तुमच्या गल्लीत बऱ्याच उशिरा येईल. खालच्या मजल्यावरच्या घरमालकांना विचार, समोरच्या किराणा दुकानदाराला विचार, महापालिकेच्या वॉर्डातल्या माणसांना विचार: आयर्विनला किती फूट असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागतं? ही माणसं दोन-तीन पूर पाहिलेली आहेत, बरोबर सांगतील. मग दुसरा प्रश्न विचार, आणि हा जास्त महत्त्वाचा आहे: आपल्या दाराशी पाणी येण्याआधी आपला मिरजेकडचा रस्ता कुठं तुटतो आणि त्या वेळी पुलाजवळ किती फूट असतं? बहुतेक वेळा रस्ता घराच्या आधी जातो. पाणी नेहमी नदीच्या बाजूनं समोरून येत नाही, ते शेरीनाल्यातून, गटारांतून, पाठीमागूनही येतं. घरासमोर कोरडं दिसतंय म्हणून माणसं निर्धास्त बसतात आणि मागच्या चौकात गुडघाभर पाणी झालेलं असतं. त्यामुळे घराचा आकडा सोडून दे, रस्त्याचा आकडा धर.

त्या आकड्याच्या पाच फूट आधी, आणि कसंही झालं तरी ४० फुटांच्या आत, सासूबाई आणि बाळ माझ्याकडे येतील. तीन फूट आधी तुम्ही दोघं याल. पाऊस कोसळत असेल आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी असेल तर तेवढीही वाट पाहायची नाही. कोयनेचं पाणी सोडल्यावर लगेच इथं पोचत नाही, कराडवरून यायला त्याला वेळ लागतो, आणि इथं हरिपूरला वारणा येऊन मिळते ती वेगळी. हा मधला वेळ म्हणजे आपल्याला मिळालेली सवड आहे. ती बातम्या बघण्यात घालवायची नसते. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं पूर येतो की येत नाही यावर आपल्याकडे पुष्कळ भांडण झालं, अजून होईल. तो प्रश्न मोठा आहे आणि विचारलाच पाहिजे, पण तो विचारायला वर्षाचे बाकीचे महिने आहेत.

"२००५ ला इथपर्यंत आलं होतं" असं सांगून घरमालक तुला भिंतीवरची खूण दाखवतील. त्या खुणेवर विसंबू नकोस. २००५ ला पाणी साधारण ५४ फुटांपर्यंत गेलं होतं. २०१९ ला कित्येक घरांनी तीच खूण धरून सामान तिच्या वर एक हातभर उचलून ठेवलं आणि पाणी तिच्याही वर गेलं. धान्याची पोती, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं, सगळं गेलं. मागचा पूर पुढच्या पुराची हद्द ठरवत नाही. २०२१ ला पुन्हा ५५ च्या आसपास आलंच.

आता सासूबाई. त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. पुरात महावितरण वीज बंद करतं ते बरोबरच करतं, नाहीतर पाण्यात करंट उतरून माणसं मरतील. म्हणजे तुमच्या घरी वीज जाणार हे नक्की धरून चालायचं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा विजेवर आणि ऑक्सिजनवर अवलंबून असलेल्या रुग्णांचे काय हाल झाले ते साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. यंत्रावरचं माणूस, डायलिसिसचं माणूस, दिवस भरत आलेली बाई, अंथरुणावरची म्हातारी, यांच्यासाठी इशारा पातळीसुद्धा उशिराची आहे. सासूबाई "मला नको, तुम्ही जा, मी देवापाशी बसते" असं म्हणतील. म्हणू देत. त्यांच्याशी आजच शांतपणे बोलून त्यांचा शब्द घे. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण त्या बरोबर आणतील, माझ्या घरी त्याला जागा आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्यानं देणाऱ्याचा नंबर मिरजेतला घेऊन ठेव. सांगलीतला उपयोगाचा नाही, त्याचंही दुकान पाण्यात असेल.

एक शंका तुझ्या मनात येईल, कारण तू विचार करणारी आहेस. प्रत्येक वेळी घर सोडून पळायचंच का? नाही. काही संकटांत घरात राहणं हेच शहाणपण असतं, आणि तिथं पळणारा मरतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी जे ऑफिसात टेबलं जोडून झोपले ते दुसऱ्या दिवशी घरी पोचले. जे घराच्या ओढीनं निघाले त्यांतले काही रस्त्यातच वाहून गेले, काही काचा उघडत नाहीत म्हणून गाडीत गुदमरले. चिपळूणलाही २०२१ मध्ये २२ जुलैच्या पहाटे पाणी बघता बघता चढलं. तिथं घराबाहेर पडायला वेळच नव्हता, गच्ची गाठली तेच बरोबर. वाशिष्ठी काही तासांत अंगावर येते. कृष्णा दिवसांची सवड देते, पण आली की आठवडा आठवडा हलत नाही. म्हणून कुठल्याही गावी गेलीस तर आधी एवढंच समजून घे की इथलं संकट किती वेळ देतं आणि किती दिवस बसतं. वेळ देत असेल आणि पुष्कळ दिवस बसणार असेल तर निघायचं. वेळच देत नसेल तर आहे तिथंच, जितकं उंचावर जाता येईल तितकं जायचं.

जावईबापूंच्या कामाच्या बाबतीत हे फार लागू आहे. ते काम करतात त्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया असतो. एखाद्या दिवशी गळती झाली आणि तुम्ही लांब, घरात असाल, तर रस्त्यावर धावायचं नाही. दारं-खिडक्या लावा, पंखा, कूलर, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, सगळं बंद करा. दाराखालच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, नाका-तोंडावर ओलं फडकं धरा. अमोनिया पाण्यात विरघळतो, म्हणून ओलं कापड खरंच उपयोगी पडतं. कमी खिडक्या असलेल्या आतल्या खोलीत बसा आणि बाहेरून सांगितल्यावरच उघडा. मग मात्र सगळं सताड उघडून मोकळ्या हवेत या. पण ते स्वतः तिथं कामावर, गळतीच्या जवळ असतील, तर घराचा नियम चालणार नाही. तिथून आडव्या वाऱ्यानं बाजूला निघायचं आणि मग वारा येतो त्या दिशेला जायचं. वारा कुठला ते झेंड्याकडे, धुराकडे, झाडाकडे बघून कळतं. खोलगट जागेत उतरायचं नाही. भोपाळला डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री लोक झोपेतून उठून वायू जिकडे चालला होता तिकडेच पळत सुटले. पळणाऱ्याला दम लागतो आणि विष जास्त आत जातं. लहान मुलं तर उंचीनं जमिनीजवळ, आणि तो वायू हवेपेक्षा जड. ओल्या कापडाची साधी गोष्ट त्यांना आधी कुणी सांगितली नव्हती, याचा मला आजही संताप येतो. म्हणून जावईबापूंना म्हणावं, आपल्या मालकांना विचारा की गळती झाली तर भोंगा कसा वाजेल, वस्तीला कोण कळवेल. विचारायचा त्यांना हक्क आहे.

तुझं सासर मूळचं पाटण तालुक्यातलं. दीर तिथं डोंगराच्या कुशीत राहतात. २०२१ च्या त्याच जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरड आली. तिथं पाण्याची पातळी सांगणारा कुठलाच आकडा नसतो. वरच्या शेतात जमिनीला भेग पडली, झाडं कलली, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं, भिंतीतून नवीन पाझर फुटला, दारं चौकटीत अडकायला लागली, तर त्याच दिवशी उजेडात निघायचं. रात्रीची वाट बघायची नाही. दिरांना फोन करून एवढं नक्की सांग.

परत तुमच्याकडे येते. लोक वेळेवर का निघत नाहीत हे मी शाळेत जवळून पाहिलं आहे, आणि त्यांना आडमुठे म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. खेड्यातल्या माणसाला गोठ्यातली म्हैस सोडवत नाही. ती त्याची कमाई आहे आणि घरातलं माणूसही. त्याला "जीव वाचव, म्हैस राहू दे" म्हणणं सोपं आहे, पण जनावरं आधी उंचावर नेऊन बांधायची सोय केली तर तो स्वतःही निघतो. तेही जमलं नाही तर निदान दावं सोडून तरी निघावं, बांधलेलं जनावर उभ्या जागी बुडतं. शहरात चोरीची भीती असते. आणि बायकांना तर निवारा केंद्रात जायचीच लाज वाटते. शंभर माणसांत दोन संडास, आंघोळीला आडोसा नाही, पाळी आली तर कपडे वाळवायचे कुठं? ही लाज खोटी नाही. ती मिटवायची जबाबदारी केंद्र चालवणाऱ्यांची आहे, आणि आमच्या शाळेत ती आम्ही शिक्षिकांनी अंगावर घेतली होती: बायकांसाठी वेगळा मजला, वेगळी न्हाणी, पॅडची खोकी दारातच. तुला माझं घर आहे. पण तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना कुणी नसेल तर त्यांना सांग की केंद्रात जाणं म्हणजे कुणाच्या दारात उपकाराला जाणं नव्हे. आणि त्या तयार नसतील तर त्यांनाही घेऊन ये. आपण दाटीवाटीनं राहू.

पिशवी आता भर. एकच भर, खांद्याला अडकवता येईल अशी, म्हणजे हात बाळासाठी मोकळे राहतील. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सासूबाईंच्या पेन्शनची कागदपत्रं, घराचा भाडेकरार, बाळाचं लसीचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध. या सगळ्यांचे फोटो काढून मलाही पाठव. पंधरा दिवस पुरतील इतकी औषधं, टॉर्च, पॉवर बँक, थोडी रोख रक्कम, कारण वीज नसली की एटीएम आणि क्यूआर दोन्ही बंद. पाण्याच्या बाटल्या, बाळाचं खाणं, मोठ्यांना भडंगाचा डबा पुरतो. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, दागिने अंगावर नकोत, पिशवीत. फ्रिज-टीव्ही उचलण्यात तासभर घालवू नका. कुठल्याही वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही, ते गुडघ्याच्या खाली असलं तरी. पाय उचलला जातो, आणि खाली उघडं गटार आहे की नाही दिसत नाही. गाडी तर त्याहून नाही. अडकलातच तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७, पोलिसांचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८. हे आकडे मोबाइलमध्ये नकोत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेननं लिही. व्हॉट्सअॅपवर "धरण फुटलं" असे निरोप येतील. नियंत्रण कक्षाला विचारल्याशिवाय ते पुढे पाठवायचे नाहीत.

पाणी ओसरलं की सगळ्यांना घरी पळायची घाई होते आणि दुसरा धोका तिथंच असतो. उजेडात जा. काठी आपटत आत शिर, गाळात आणि कपाटाखाली साप असतात. वायरमननं बघितल्याशिवाय मेन लावू नका. साफसफाईला हात घालण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि बुडालेलं सामान यांचे फोटो काढा, पंचनाम्याला तेच पुरावे लागतात. खालच्या काकूंना हे मुद्दाम सांग. धुऊन-पुसून स्वच्छ केलेल्या घराचा पंचनामा करायला तलाठी आले की बायका काय दाखवणार? गाळात अनवाणी उतरू नका, लेप्टो होतो. पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पिण्याचं पाणी उकळून किंवा मेडिक्लोर घालूनच.

येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन इकडे या. आपण ही रंगीत तालीम समजू. यंत्र रिक्षात कसं बसतं, घरातून इथं पोचायला किती वेळ लागतो, त्यांना माझा जिना चढवतो की नाही, हे बघून घेऊ. चढवत नसेल तर मी खालची खोली रिकामी करून घेते, त्याला मला आठ दिवस लागतील. यंत्राच्या पिनला माझ्याकडचा सॉकेट चालतो का तेही बघायचं आहे. घराची एक जादा किल्ली घेऊन या, ती माझ्याकडे राहील. आणि गल्लीचा आकडा विचारून या.

तुझी,
मावशी